सिंत्र्याचा राजवाडा आणि आंदण दिलेली मुंबई

लिस्बन, रविवार रात्र

प्रिय अव्या,

पत्राला उशीर झाला, शिव्या भेटल्यावर घाल. लिस्बनहून लोकलने चाळीसेक मिनिटांवर सिंत्रा नावाचं गाव आहे. कालचा दिवस तिथल्या राजवाड्यात गेला. बरोबरची मंडळी डोंगरावरच्या रंगीबेरंगी पेना राजवाड्याकडे पळाली. तो एकोणिसाव्या शतकातला, म्हणजे तसा कालचाच. मला खालच्या जुन्या वाड्याच्या धुराड्यांनी ओढून नेलं.

दोन पांढरी धुराडी, ३३ मीटर उंच. गिरणीच्या धुराड्यांसारखी सडपातळ नाहीत, उलटं ठेवलेलं नरसाळं डोळ्यांपुढे आण. आत गेल्यावर कळतं की मुदपाकखान्याला वेगळं छप्परच नाही. भिंती वर निमुळत्या होत जातात आणि त्यांचंच धुराडं होतं. पहिल्या जुआंव राजाने पंधराव्या शतकाच्या सुरुवातीला हे बांधलं. राजेलोक इथे शिकारीला येत, मारलेली जनावरं इथेच भाजली जात. तांब्याची पातेली अजून मांडून ठेवली आहेत. तुझी आजी असती तर आधी कल्हई तपासली असती!

वाडा एका आराखड्याचा नाही. ज्याच्या मनात आलं त्याने खोल्या वाढवल्या. चार पायऱ्या चढा, तीन उतरा, मध्येच एक चौक. ११४७ मध्ये हा मुलूख पोर्तुगीजांनी घेतला तेव्हा इथे मूर, म्हणजे मुसलमान राज्यकर्त्यांचा वाडा होता, पण त्यातलं आज काही दिसत नाही. गंमत अशी की नक्षीदार फरशा, कारंजी, लाकडी छतं असं जे जे अरबी वाटतं ते नंतरच्या ख्रिस्ती राजांनी हौसेने करून घेतलेलं. शत्रू गेला, आवड राहिली. मानुएल राजाने तर सेव्हिलहून फरशा आणवल्या.

एका दालनाच्या छतावर १३६ मॅगपाय रंगवलेत, आपल्या टकाचोराच्या गोतातले बडबडे पक्षी. दंतकथा अशी की, जुआंव एका दासीचं चुंबन घेताना राणीला सापडला आणि दरबारभर कुजबुज सुरू झाली, तेव्हा त्याने दरबारात जितक्या बायका तितके पक्षी छतावर चढवले. प्रत्येकाच्या चोचीत 'पोर बें', म्हणजे 'हेतू चांगला होता'! नवऱ्यांचा खुलासा सहाशे वर्षांत बदललेला नाही.

कुलचिन्हांचं दालन मात्र निव्वळ मिरवणूक. मानुएलने १५१५ ते १५१८ च्या सुमारास केलेलं. गोवा हाती येऊन जेमतेम पाच वर्षं झालेली. सोनेरी छतावर ७२ सरदार घराण्यांची चिन्हं, मध्ये राजाचं. मान दुखेपर्यंत बघितलं.

पण अव्या, ज्यासाठी लिहायला बसलो ती खोली साधी आहे. सहाव्या आफोन्सोची. शाळेत आपण घोकलं ना, १६६१ च्या तहात पोर्तुगीजांनी कॅथरिनच्या लग्नात मुंबई इंग्रजांना आंदण दिली? हा तिचा भाऊ, तेव्हाचा राजा. वय अठराच्या आतबाहेर, लहानपणीच्या आजाराने अर्धं अंग अधू, कारभार आईच्या हातात. १६६७ मध्ये धाकट्या भावाने, पेद्रूने, त्याची सत्ता काढून घेतली. पुढल्या वर्षी आफोन्सोचं लग्न रद्द ठरवून त्याच्या बायकोशीच लग्न लावलं! आफोन्सोची रवानगी आधी अझोर्समधल्या तेर्सेइरा बेटावर झाली आणि १६७४ मध्ये या खोलीत.

१६७४, म्हणजे रायगडावर राज्याभिषेक झाला ते वर्ष.

तिथून नऊ वर्षं तो इथेच होता. फेऱ्या मारून मारून त्याने फरशी झिजवली असं सांगतात. खरंखोटं देव जाणे, फरशी झिजलेली आहे हे मी पाहिलं. खिडकीशी उभा राहिलो तर मला 'तुझ्या बापाने आंदण दिलीये का?' हे आपल्या गल्लीतलं भांडण आठवलं. आंदण ज्याच्या नावाने गेलं त्याला शेवटी दोन खिडक्यांमधली जागा उरली होती.

सप्टेंबर १६८३ मध्ये तो इथेच वारला. तोवर पेद्रू नुसता कारभारी म्हणवत होता, राजा हा किताब त्याने नंतरच घेतला. दोन महिन्यांनी, नोव्हेंबरात, संभाजीराजे गोव्याच्या दाराशी उभे होते.

काकूंना नमस्कार. खोलीत फोटो चांगला आला नाही, उजेड कमी होता. धुराड्यांचे पाठवतो.

तुझा,
विनू