बाळंतपण पुण्यात, गोळ्या चालू

ती. आई-बाबांना,
शि. सा. न. वि. वि.

परवा फोनवर आई, तू "बरं, तुमचं तुम्ही बघा" म्हणालीस आणि फोन बाबांच्या हातात दिलास. मग बाबा बराच वेळ द्राक्षांच्या दराबद्दल बोलत राहिले. मला काय कळायचं ते कळलं. फोनवर हे नीट सांगता येत नाही, एकतर माझा आवाज चढतो नाहीतर तुझं रडू सुरू होतं, म्हणून लिहिते आहे. दोघांनी एकत्र बसून वाचा. बाबा, तुम्ही मोठ्याने वाचा, म्हणजे आई मधली पानं गाळणार नाही.

दोन गोष्टी ठरल्यात. बाळंतपण पुण्यात करायचं आणि फिटच्या गोळ्या एक दिवससुद्धा बंद ठेवायच्या नाहीत. पहिलं बाळंतपण माहेरी, हे मला समजतं गं. तू डिंक आणि खारका आणून ठेवल्यास, मधल्या खोलीला रंग दिलास, आणि माईआत्या "पोरीला आणली नाहीस?" असं विचारल्याशिवाय राहणार नाही, हेही माहीत आहे. यात सासूबाईंचा किंवा अमेयचा काही हट्ट नाही. सासूबाई तर म्हणाल्या होत्या, आईकडे जा, तिथली विश्रांती इथे मिळायची नाही. हे मी ठरवलंय, आणि ठरवलंय तेव्हापासून मला काही सुचत नाहीये.

आधी गोळ्यांचं. तू म्हणतेस, "बाळासाठी तरी नऊ महिने सोड." मी साधी पित्ताची गोळी घेतानाही दहा वेळा विचार करते आहे, त्यामुळे तुझी भीती मला परकी नाही. पण आई, मला मोठी फिट आली तर मी पडणार, श्वास अडखळणार, आणि तो पोटातल्यालाही कमी पडणार. शिवाय गोळ्या एकदम बंद केल्या की एकामागून एक फिट येत राहण्याचा धोका असतो, त्यात जीवही जातो. तेव्हा बाळासाठीच गोळ्या चालू आहेत.

आणि या त्या जुन्या गोळ्या नाहीत. लहानपणापासून मी घेत होते ती व्हॅल्प्रोएट. ती माझ्यासाठी उत्तम चालली, पण गरोदरपणात तीच सगळ्यात वाईट. शंभरातल्या साधारण दहा बाळांत व्यंग दिसतं, आणि बऱ्याच मुलांना पुढे बोलायला, शिकायला त्रास होतो. म्हणून लग्नानंतर मूल हवं म्हणायच्या कितीतरी आधी डॉक्टरांनी मला लॅमोट्रिजिनवर आणलं. तेव्हा मी रोज अंगावर पुरळ आहे का बघत होते, आठवतं? ही गोळी घाईने वाढवली तर गंभीर पुरळ उठू शकतं, आणि सोबत व्हॅल्प्रोएट असेल तर ती रक्तात दुप्पट साचते. म्हणून एक दिवसाआड पंचवीस मिलिग्रॅमपासून सुरुवात. तू तेव्हा वैतागली होतीस, "किती दिवस हे चालायचं?" ते सगळं या दिवसांसाठी होतं. या गोळीवर व्यंगाचं प्रमाण शंभरात दोन-तीन, म्हणजे कुठलीच गोळी न घेणाऱ्या बायकांइतकंच जवळजवळ. फॉलिक ॲसिडही दिवस राहायच्या आधीपासून घेते आहे.

बाबा, तुम्हाला आकड्यांशिवाय पटत नाही म्हणून सांगते. तिरुवनंतपुरमच्या श्रीचित्रा संस्थेत १९९८ पासून अशा गरोदर बायकांची नोंद ठेवतात, आणि त्यातल्या बहुतेकींना चांगली निरोगी मुलं झालीत. विसाव्या आठवड्याच्या सुमारास माझी मोठी सोनोग्राफी झाली. मणका, हृदय, ओठ, सगळं बघितलं, सगळं ठीक आहे. बाळाने तेवढा वेळ तोंडावरचा हात काही काढला नाही. अमेय म्हणाला, आजोबांवर गेलंय, फोटो काढू देत नाही.

डोस मात्र वाढलाय, आणि तो ऐकून तुम्ही घाबरलात. आजार वाढलेला नाही. गरोदरपणात शरीर ही गोळी भराभर बाहेर टाकतं, गळक्या घागरीत पाणी ओतत राहावं तसं. म्हणून मधूनमधून रक्त तपासून डोस वाढवतात. आणि माझ्या पुण्यात राहण्याचं खरं कारण इथेच आहे. बाळंतपण झालं की ती गळती थोड्याच दिवसांत बंद होते. वाढवलेला डोस तसाच चालू राहिला तर औषध अंगात साचतं, चक्कर येते, एकाचे दोन दिसतात, तोल जातो. तेव्हा त्या दोन-तीन आठवड्यांत डोस टप्प्याटप्प्याने खाली आणायला माझे फिटचे डॉक्टर जवळ हवेत. तासगावहून मिरज जवळ आहे, मान्य, आणि मिरजेच्या डॉक्टरांनीच तर मला वाढवलं. पण ही नोंद सुरुवातीपासून ज्यांच्याकडे आहे त्यांच्याकडेच पुढेही असावी. शिवाय प्रसूतीच्या डॉक्टर आणि ते एकमेकांशी बोलतात. हे एवढंच कारण आहे. मधल्या खोलीचा रंग मला खूप आवडलाय.

म्हणून तुम्ही इकडे या. तारीख जूनच्या तिसऱ्या आठवड्यातली आहे, एप्रिल छाटणी उरकलेली असेल, बेदाण्याचं कामही संपलेलं असेल. बागेकडे काका बघतील, मी त्यांच्याशी बोलले आहे (बाबा, रागावू नका). तुमच्यासाठी पूर्वेकडची खोली रिकामी केली आहे. कमोड त्याच खोलीला लागून आहे, आईला गुडघे वाकवायला नकोत. लिफ्ट आहे आणि ती चालते. खाली गिरणी आहे, ज्वारी आपल्या समोर दळून देतात. पेपर साडेसहाला दाराशी येतो. पलंग उंच करून घेतलाय. खिडकीतून समोरची बिल्डिंग दिसते, बाग दिसत नाही, याला माझा इलाज नाही.

रात्रीचं मात्र आत्ताच ठरवून ठेवू. झोप मोडली की माझ्या फिटला निमित्त मिळतं, आणि तान्हं मूल झोप मोडायलाच येतं. डॉक्टर म्हणाले, अंगावर पाजायला हरकत नाही. दुधातून थोडं औषध जातं, तेव्हा बाळ फार सुस्त नाही ना, वजन वाढतंय ना, एवढं बघायचं. मी दूध काढून ठेवीन, मधलं एक पाजणं अमेय करेल, पहाटेचं बाबा. तुम्ही चारला उठताच. मी पाजेन ते खाली गादीवर बसून, पलंगावर नाही. बाळाला एकटीने अंघोळ घालणार नाही, ते काम आईचं. धुरी नको, शेकशेगडी माझ्या शेजारी नको, टाळू तुझ्या हातानेच भर.

आई, मी सात-आठ वर्षांची असताना तू माझ्या फ्रॉकचं टोक मुठीत धरून झोपायचीस. मला हालचाल झाली की तुला कळावं म्हणून. मला ते माहीत होतं, मी मुद्दाम हलून बघायची. आणि बाबा, कालनिर्णयच्या प्रत्येक चौकोनात तुमच्या लाल पेनाच्या दोन बरोबरच्या खुणा, सकाळची आणि रात्रीची. पन्हाळ्याच्या सहलीला सरांच्या खिशात दिलेली पुडी, वर तुमच्या अक्षरात "जेवणानंतरच". आता अमेय भिंतीवरच्या कॅलेंडरवर तसंच करतो, मी मोबाईलचा गजरही लावते. औषधाच्या दुकानात कंपनी बदलून देऊ लागले तर घेत नाही, डॉक्टरांना विचारते. एखादी गोळी चुकली तर आठवल्यावर घेते, पुढची वेळ अगदी जवळ आली असेल तर दोन एकदम घेत नाही. उलटी होऊन गोळी पडली तर फोन करते. तुम्ही शिकवलंत तसंच सगळं चाललंय.

आता हे पाठ करा. मला फिट आली तर घड्याळ बघायचं. डाव्या कुशीवर वळवायचं, आजूबाजूचं टोकदार सामान बाजूला करायचं, मानेभोवतीचं सैल करायचं. तोंडात चमचा नाही, पाणी नाही, आणि आई, आजीचा कांदा तर मुळीच नाही. हातपाय दाबून धरायचे नाहीत. पाच मिनिटांत थांबली नाही किंवा लागोपाठ दुसरी आली तर नाकातला स्प्रे, तो कुठे ठेवलाय ते तुम्ही आलात की दाखवते, आणि लगेच रुग्णवाहिकेसाठी १०८. बाळंतपण होईपर्यंत आणि नंतरचे काही आठवडेही थोडक्यात आटोपलेली फिट असली तरी दवाखान्यात न्यायचंच. "हिची जुनीच आहे" म्हणून घरी बसवायचं नाही, कारण अशा दिवसांत रक्तदाब वाढूनही फिट येते आणि तिचे उपचार वेगळे असतात. बाबा, हा परिच्छेद फ्रिजवर चिकटवा.

डोहाळजेवणाला मी नक्की येते. दिवसा प्रवास, मध्ये कराडला थांबून, आणि त्या रात्री मला नऊला झोपू द्यायचं, बायकांनी गाणी कितीही रंगवली तरी. संकष्टीचा उपवास मी करत नाहीये, माझ्या वाटचा तू कर. कुणी विचारलं की पुण्यात का, तर सांग, डॉक्टर तिथले आहेत. फिटचं लपवू नका. अमेयच्या घरी पहिल्याच बैठकीत बाबांनी सगळं सांगितलं, विट्याच्या स्थळानंतरही सांगितलं, म्हणून तर आज माझी सासू माझ्या गोळ्यांची वेळ विचारते.

बाबा, तुमची साखर तपासून तीन महिने होऊन गेलेत. येत्या सोमवारी उपाशीपोटी जा आणि रिपोर्ट अमेयला पाठवा. आई, गुडघ्याच्या गोळ्या मनाने वाढवू नकोस, पोटात खड्डा पडेल. आणि वाचून झालं की फोन कर. तूच कर, बाबांच्या हातात देऊ नकोस.

तुमची,
राणी

ता. क. आई, त्या वैद्यांची ब्राह्मीची पूड कुरिअरने पाठवलीस ती मी घेतलेली नाही, वाईट वाटून घेऊ नकोस. वर लेबल नाही, आत काय आहे ते कळत नाही, आणि असल्या पुड्यांत गुपचूप फेनोबार्बिटोन मिसळलेलं निघालंय. त्याऐवजी या हंगामातले हिरवे बेदाणे पाठव, दोन किलो तरी. सासूबाई संपवतात.