खोलीच्या बिलावर कर आला कुठून?

मा. संपादक,
स. न. वि. वि.

गोव्यात खोली घेऊन राहणाऱ्याला कर किती लागणार हे आधी कुणी सांगत नाही. निघताना बिलावर जे लिहिलेलं असेल ते तो बिचारा भरतो. हे थांबायला हवं, म्हणून हे पत्र.

परवा सांगलीचा माझा भाचा बायको-मुलांना घेऊन शांतादुर्गेच्या दर्शनाला आला होता. फोंड्याजवळच्या एका गेस्ट हाऊसात रात्रभर राहिला. माझं आयुष्य हिशेब लिहिण्यात गेलं, त्यामुळे बिल हातात आलं की नजर आधी तळाला जाते. खोलीभाडं २,२०० रुपये. जीएसटी १२ टक्के, म्हणजे २६४. त्याखाली पेनाने ओढून लिहिलेलं : ‘लोकल टॅक्स’ माणशी ५०, चौघांचे २००. जीएसटी क्रमांक कागदावर कुठेच नाही. “मामा, मला वाटलं तुमच्याकडे असाच कर असतो,” भाचा म्हणाला. मला फार वाईट वाटलं. देवदर्शनाला आलेला माणूस गोव्याबद्दल हीच समजूत घेऊन परत जातो.

कराच्या दोन्ही ओळी चुकीच्या होत्या. एका रात्रीला ७,५०० रुपयांपर्यंतच्या खोलीवर २२ सप्टेंबर २०२५पासून ५ टक्के जीएसटी आहे. २,२००वर ११० रुपये झाले. तेही मालकाची नोंदणी असेल तर. नोंदणी नसलेल्याला कराच्या नावाने एक पैसा घेता येत नाही. गोव्यातला नोंदणी क्रमांक ३०ने सुरू होतो आणि एकूण १५ अक्षरं-आकड्यांचा असतो. तो छापलेला नसेल तर कराची ओळ काढायला सांगावी, भीड बाळगू नये. राहिला माणशी कर. परदेशात काही शहरांत पाहुण्याकडून रात्रीमागे तसा कर घेतात; गोव्यात तो नाही. इथे पूर्वी १९८८च्या कायद्याचा लक्झरी टॅक्स होता, तोही १ जुलै २०१७ला जीएसटीत विलीन झाला.

बिलावर सीजीएसटी (केंद्राचा वाटा) अडीच टक्के आणि एसजीएसटी (राज्याचा वाटा) अडीच टक्के अशा दोन ओळी दिसल्या तर मात्र दोनदा कर घेतला असं समजू नये. दोन्ही मिळूनच ते ५ टक्के.

खरा फटका बसतो तो ७,५००च्या वर. तिथे दर एकदम १८ टक्के होतो, आणि तो वरच्या रकमेवर नाही, सगळ्या भाड्यावर. ७,४००ची खोली करासह ७,७७०ला पडते. तीच खोली नाताळात ७,६००ला दिली की बिल होतं ८,९६८. भाडं वाढलं २०० आणि खिशातून गेले जवळजवळ १,२०० जास्त. सीझनमध्ये येणाऱ्याने बुकिंग करतानाच “करासकट किती?” एवढं विचारावं. सप्टेंबर २०१९मध्ये पणजीत भरलेल्या जीएसटी परिषदेच्या बैठकीत महागड्या खोल्यांवरचा कर २८वरून १८वर आणला गेला, तेव्हा आपल्याकडच्या हॉटेलवाल्यांनी सुटकेचा श्वास सोडला होता. पाहुण्याला यातलं काही ठाऊक असायचं कारण नाही.

लहान होमस्टेवाल्यांवर संशय घेऊ नये, हेही सांगायला हवं. वर्षाची उलाढाल २० लाखांच्या आत असेल तर त्यांना जीएसटी नोंदणी सक्तीची नाही. मांद्रे-मोरजीत घराच्या दोन खोल्या देणारी बाई कर लावत नाही तेव्हा ती काही लपवत नसते. तीच खोली ॲपवरून घेतली तर कर लागतो, कारण तिथे तो भरायची जबाबदारी ॲपच्या कंपनीवर आहे.

आणि मंगेशी, म्हार्दोळ, कवळे इथे कुलदैवताला येणाऱ्यांसाठी : नोंदणीकृत धार्मिक न्यासाच्या आवारातली खोली दिवसाला १,०००च्या आत असेल तर तिच्यावर जीएसटी नाही. अग्रशाळेत, म्हणजे देवळाच्या धर्मशाळेत, उतरणाऱ्या वयस्क मंडळींना हे मुद्दाम सांगावं.

सर्व्हिस चार्ज हा कर नव्हेच. तो आपोआप बिलात घालू नये असं केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने २०२२मध्येच बजावलं आहे, आणि दिल्ली उच्च न्यायालयाने मार्च २०२५मध्ये ते कायम केलं.

१९८२च्या कायद्याने इथल्या प्रत्येक हॉटेलला आणि गेस्ट हाऊसला पर्यटन खात्याकडे नोंदणी करावी लागते. त्याच नोंदणीला एक अट जोडावी : काउंटरवर खोलीचा दर, कराचा टक्का आणि एकूण रक्कम मराठी, कोकणी, हिंदी व इंग्रजीत लावलेली असावी. मडगाव आणि थिवी स्थानकांवर, दाबोळी आणि मोपा विमानतळांवर असाच फलक खात्याने स्वतः लावावा, आणि त्यावर ग्राहक हेल्पलाइनचा १९१५ हा क्रमांक मोठ्या अक्षरांत द्यावा. डिसेंबरच्या गर्दीआधी हे व्हावं अशी पर्यटन खात्याला विनंती आहे.

आपला,
एक निवृत्त हिशेबनीस, म्हार्दोळ