दात कुणाचा, तेही सांगा

महोदय,

टूथपेस्टच्या खोक्यावर ‘प्रयोगशाळेत सिद्ध’ असे छापलेले असते. तो प्रयोग नेमक्या कुणाच्या दातावर झाला, हे मात्र कुठेच लिहिलेले नसते. पुष्कळदा तो दात गाईबैलाचा असतो!

त्यात फसवणूक आहे असे मी म्हणत नाही. माणसाचे धड दात मिळणे कठीण. काढलेला दात बहुधा किडलेला असतो. उरतात त्या अक्कलदाढा किंवा दात सरळ करण्यासाठी काढलेल्या उपदाढा. त्यांनाही रुग्णाची संमती हवी, निर्जंतुकीकरण हवे. शिवाय त्या दाताने आयुष्यभर काय खाल्ले, किती फ्लोराइड पचवले, कुणास ठाऊक. गुरांचे पटाशीचे दात त्या मानाने सहज मिळतात, मोठे आणि बरेच सपाट असतात, त्यामुळे चाचणीसाठी तुकडे कापणे सोपे जाते. (गुरांना वरच्या जबड्यात पुढचे दात नसतातच, तिथे नुसती कठीण गादी असते. म्हणजे हे सगळे खालच्या जबड्यातले.)

पण माणसाचे आणि गुरांचे इनॅमल, म्हणजे दातावरचे कठीण आवरण, सारखे नसते. गुरांचे इनॅमल लवकर तयार होते, त्याचे स्फटिक मोठे आणि ते अधिक सच्छिद्र असते. त्यामुळे आम्लात ते लवकर झिजते. दोन पेस्टची आपसांत तुलना करायला असा दात चालेल. पण त्यावर मिळालेला आकडा जसाच्या तसा माणसाच्या तोंडाला लावणे बरोबर नाही. उत्पादकांनी दाव्याशेजारी एवढे तीन शब्द छापावेत : ‘चाचणी गुरांच्या दातांवर’. खोक्यावर जागा भरपूर असते.

— एक वाचक