सही तेवढी द्या

संपादक साहेब, नमस्कार,

आमच्याकडं धुणं-भांड्याला येणाऱ्या मावशींनी गेल्या महिन्यात घरेलू कामगार नोंदणीचा फॉर्म आणला, त्याला कामावर ठेवणाऱ्याचं सही केलेलं प्रमाणपत्र लागतं. आमच्या आधी तीन घरी विचारून झालं होतं. एकीनं सांगितलं साहेब आल्यावर बघू, दुसरी म्हणाली उद्या तुम्ही पीएफ मागायला लागला तर, तिसरीनं तर विषयच बदलला. पिशवीत नेऊन आणून फॉर्मची घडी फाटायला आली होती. मी सही केली, दोन मिनिटं लागली.

एवढं घाबरण्यासारखं काय आहे त्यात? राज्यानं 2008 मध्येच घरेलू कामगार कल्याण मंडळाचा कायदा केलाय, 18 ते 60 वयाच्या कामगाराला नाव नोंदवता येतं, 55 वर्षं पूर्ण झालेल्या नोंदीत बायकांसाठी 10 हजार रुपयांची सन्मानधन योजना आहे, ते पैसे सरकारचे, आपल्या खिशातनं काही जात नाही. मावशींना आता 53 चालू आहे.

2019 च्या पुरात गावभागात आमच्या घरात ढोपरभर गाळ साचला होता, फ्रिज आडवा पडलेला, वास तर सांगायलाच नको. मावशींचं स्वतःचं घर पाण्यात गेलं होतं, तरी पाणी उतरल्यावर तिसऱ्या दिवशी खराटा घेऊन दारात उभ्या. आणि त्याच महिन्यात दोन घरांनी पुरातले दिवस खाडे धरून पगार कापला. आम्हीपण कापणार होतो, सासूबाई चिडल्या म्हणून पूर्ण दिला, ते आठवलं की अजून लाज वाटते.

पगार किती, सुट्टी किती हे सगळं अजून आपल्या मर्जीवरच चालतं, त्यासाठी वेगळा कायदा करता येईल का ते बघायला समिती नेमा असं सुप्रीम कोर्टानं केंद्राला जानेवारी 2025 मध्ये सांगितलं. लैंगिक छळाच्या 2013 च्या कायद्यात मात्र घरकाम करणाऱ्या बायका स्पष्ट धरल्यात, जिल्ह्याच्या स्थानिक समितीकडं तक्रार करता येते, पण मावशींनी हे पहिल्यांदा माझ्याकडनंच ऐकलं.

नोंदणीला कागद काय लागतात आणि सांगलीत जायचं कुठं, एवढं तुमच्या पेपरात मोठ्या अक्षरात छापा, आमच्या गल्लीत कामाला येणाऱ्या प्रत्येकीला मी ते कात्रण देईन.

एक वाचक, गावभाग, सांगली