यादीत नाव नाही, म्हणून भंगार?

मा. संपादक,
स.न.वि.वि.

कालच्या पुरवणीतला जुने संगणक 'वेळीच भंगारात काढा' हा सल्ला वाचला. लेखकांनी नव्या लॅपटॉपच्या किमती इतक्या आपुलकीने दिल्या आहेत, की आधी मला ती जाहिरातच वाटली. (जाहिरात त्याच्या खालीच होती. योगायोग असेल.)

माझा लॅपटॉप २०१७चा. प्रोसेसर इंटेलचा आय-फाइव्ह, सातवी पिढी, आठ जीबी रॅम, दोन वर्षांपूर्वी एसएसडी घातली. सकाळी साडेनऊला सुरू होतो, रात्री आठला मिटतो. मधल्या वेळात लग्नपत्रिका, तेराव्याच्या पत्रिका, एखाद्या प्राध्यापकाचा प्रबंध, सगळं त्याच्यावरच. १४ ऑक्टोबर २०२५ला विंडोज १०चे अपडेट बंद झाले, तेव्हा मीही आज्ञाधारकपणे ११ घालायला बसले. टीपीएम २.० (संगणकातली सुरक्षेची चिप) हवं म्हणे. ते होतं, नुसतं बंद होतं. बायोसमध्ये, म्हणजे विंडोजच्याही आधीच्या सेटिंगमध्ये, जाऊन चालू केलं. तरी नकार. का, तर प्रोसेसर यादीत नाही. आठव्या पिढीपासून पुढे या. मतदान केंद्रावर ओळखपत्र हातात असताना 'यादीत नाव नाही, पुढच्या वेळी बघा' म्हणतात ना, तसंच.

खरी गंमत पुढेच आहे. सातव्या पिढीतल्या मोजक्या प्रोसेसरांना सूट मिळाली, त्यात आय-सेव्हन ७८२०एचक्यू हा एक. तो कुठे होता? मायक्रोसॉफ्टच्या स्वतःच्या सरफेस स्टुडिओ २ या संगणकात. आपला तो बाब्या!

चोरवाटेने ११ घालता येतं, हे मला ठाऊक आहे. पण स्वतःच्या घरात मी खिडकीतून का शिरू? १० साठी वर्षभराची मुदतवाढ देऊ केली होती, हेही ठाऊक आहे. त्यासाठी मायक्रोसॉफ्टचं खातं उघडून साइन-इन करावं लागणार होतं. कशाला? आमच्या दुकानाची किल्ली तीन जणांकडे असते, खातं नेमकं कोणाच्या नावाने काढायचं?

तुमच्या लेखकांनी हे सगळं 'सुरक्षिततेसाठी' या एका शब्दात उरकलं आहे. हा शब्द मी २०११ साली ऐकलाय, म्हणून हे पत्र.

२००२ साली आम्ही मराठी डीटीपीचं (छपाईची पानं जुळवायचं) सॉफ्टवेअर घेतलं, रोख साडेआठ हजारांना. सोबत डोंगल. आमच्या धंद्यात त्याला 'लॉक' म्हणतात. काडेपेटीएवढं करड्या रंगाचं, पंचवीस पिनांचं. ते संगणकाच्या मागे प्रिंटरच्या पोर्टात खोचायचं आणि त्याच्या पाठीत प्रिंटरची केबल. लॉक काढलं की फाइल उघडायची, पण अक्षरांच्या जागी कावळ्याचे पाय. दुकान बंद करताना यजमान लॉक काढून गल्ल्यात ठेवायचे. दसऱ्याला संगणकाला हार घालायचा आणि एक झेंडूचं फूल लॉकला. हसू नका, त्याच्याशिवाय आमचा संगणक म्हणजे नुसता दिव्याचा डबा होता.

२०११च्या परतीच्या पावसात वीज पडली आणि मदरबोर्ड गेला. लॉक गल्ल्यात, त्यामुळे शाबूत. हार्डडिस्कही वाचली. नवा संगणक आणला तर त्याला प्रिंटरचं पोर्टच नाही! एका दिवाळी अंकाची १६० पानं डिस्कवर तयार, अंक छापायला जायला चार दिवस. हातात लॉक, पण ते खोचायला भोक नाही. पोर्टाचं कार्ड पुण्याहून यायला आठवडा. कंपनीला फोन केला. बाई फार गोड बोलल्या. जुनं लॉक बदलून मिळत नाही मॅडम, यूएसबी लॉकवालं नवं व्हर्जन पूर्ण किमतीत घ्या. मी म्हटलं, अहो, पैसे भरलेत, पावती आहे, लॉकही हातात आहे. त्या म्हणाल्या, 'मॅडम, लॉक तुमच्याच सुरक्षिततेसाठी आहे.'

१६० पानं मी टाइप केलेली. संगणक माझा, वीजबिल माझं. आणि वाचायची परवानगी मात्र फोनवरच्या बाईंकडे!

शेवटी यजमानांनी मलकापूरच्या एका भंगारवाल्याकडून बाराशे रुपयांत जुनं मशीन उचलून आणलं. पुसलं, पोर्टावरचा गंज काढला, लॉक खोचलं. अंक वेळेवर गेला. तुमच्या लेखकांच्या हिशेबाने ते मशीन तेव्हाच भंगार होतं. अजून चालतं, इंटरनेटला जोडत नाही एवढंच, कारण २०११च्या आधीच्या सगळ्या फाइल त्याच्याविना मुक्या आहेत.

लॅपटॉपवर मी नोव्हेंबरात विंडोजच्या जागी लिनक्स मिंट ही मोकळी प्रणाली घातली. 'लिनक्स हे इंजिनिअर मंडळींचं काम' असं जे छापलंय, ते वाचून आमच्याकडे कामाला असलेली बारावी आर्ट्सची मुलगी हसली. तिला सवय व्हायला दोन दिवस लागले, त्यातला एक तर 'सी ड्राइव्ह कुठाय' हे शोधण्यात गेला. इनस्क्रिप्ट हा भारतीय भाषांचा कीबोर्ड सेटिंगमधून निवडला, युनिकोड (कुठल्याही संगणकावर वाचता येणारी) मराठी सुरू. प्रिंटरने आपण होऊन ओळख दिली. केरळातल्या सरकारी शाळांत मुलं वर्षानुवर्षं लिनक्सवर शिकतात. ती सगळी इंजिनिअर नसावीत.

पण लिनक्सची भजनं गायला मी बसलेली नाही. एका सरकारी संकेतस्थळावर डिजिटल सहीचं टोकन लावायला अजून विंडोज असलेल्या शेजारच्या सीएंच्या ऑफिसात जावं लागतं. आणि नुसतं सॉफ्टवेअर मोकळं असून भागत नाही. अमेरिकेत टिवो नावाचा टीव्हीचे कार्यक्रम साठवणारा डबा निघाला होता. आत लिनक्स, लायसन्सप्रमाणे कोड, म्हणजे प्रोग्रामचा मूळ मजकूर, खुला. पण कोणी त्या कोडात बदल करून तो परत घातला, की डबा कंपनीची डिजिटल सही तपासणार आणि चालायला नकार देणार. घ्या, स्वातंत्र्य वाचायला मिळालं, वापरायला नाही. जीपीएल, म्हणजे मोकळ्या सॉफ्टवेअरचं हेच लायसन्स, त्याच्या २००७च्या तिसऱ्या आवृत्तीत ही पळवाट बुजवली. लिनक्सचा गाभा मात्र दुसऱ्याच आवृत्तीवर राहिला. म्हणजे कुलूप हार्डवेअरात असेल तर वरचं सॉफ्टवेअर कितीही सज्जन असो, काही चालत नाही. आमच्या लॉकने हे मला अमेरिकेत न जाता शिकवलं होतं.

मोकळ्या सॉफ्टवेअरचं हे सगळं भांडण सुरू झालं तेही एका प्रिंटरवरून, हे तुमच्या लेखकांनी लिहिलं असतं तर काल निदान करमणूक तरी झाली असती. १९८०च्या सुमारास एमआयटीच्या प्रयोगशाळेत झेरॉक्सचा लेसर प्रिंटर आला. कागद अडकला की लोकांच्या पडद्यावर तसा निरोप यावा, एवढंच तिथले प्रोग्रामर रिचर्ड स्टॉलमन यांना हवं होतं. आधीच्या प्रिंटरला त्यांनी तशी सोय करून दिली होती. नव्याचा कोड मिळेना. ज्याच्याकडे होता, त्याने तो कोणाला न देण्याच्या करारावर सही केलेली. १९८३मध्ये स्टॉलमन यांनी मोकळ्या सॉफ्टवेअरचा ग्नू प्रकल्प जाहीर केला, त्यामागे हा राग होता. कागद अडकणं म्हणजे काय, हे ज्याला ठाऊक आहे, त्याला हा राग समजावून सांगावा लागत नाही.

आता लिहितेच आहे, तर एक तुमच्या घरचं. तुमचा ई-पेपर लॅपटॉपवर उघडायला गेले तर 'तुमचा ब्राउझर चालणार नाही' असं येतं. भाच्याने ब्राउझरला 'मी विंडोजवर आहे' असं खोटं सांगायला शिकवलं. लगेच उघडला! ब्राउझर तोच, लॅपटॉप तोच, वर्षाची वर्गणी भरलेली बाईही तीच. रोज सकाळी तुमचा अग्रलेख वाचण्यासाठी मला खोटं बोलावं लागतं. आणि कालचा लेख कापून ठेवावा म्हटलं, तर प्रिंटचं बटणच नाही.

मागचं पत्र ओडीटी (वर्डसारख्याच, पण खुल्या प्रकारच्या) फाइलमध्ये पाठवलं होतं, तेव्हा 'फाइल उघडत नाही, वर्डमध्ये पाठवा' असं उत्तर आलं. म्हणून हे सरळ ईमेलमध्येच टाइप केलं आहे, युनिकोडमध्ये. छापताना तुमच्या जुन्या फाँटमध्ये घ्याल, तेव्हा मागच्यासारखा 'श' फुटेल; तेवढा बघा. चूक माझ्या नावावर छापली जाते.

आपली,
एक जुनी वर्गणीदार, कराड