पाच हँडलांची फळी
जांभळी नाक्याजवळच्या हार्डवेअरवाल्या काकांना

आदरणीय काका,
सप्रेम नमस्कार.

तुमच्याकडे रोज एवढी गिऱ्हाइकं येतात, मी काही आठवत नसेन. पण आई नक्की आठवतील. जूनच्या पहिल्या आठवड्यात, भर दुपारी, काउंटरसमोरच्या स्टुलावर बसवून ज्यांना तुम्ही आधी पाणी दिलंत आणि मग "मावशी, जरा हात दाखवा बघू" म्हणालात, त्या माझ्या सासूबाई. हे पत्र तेव्हाच लिहायचं होतं. मग ठरवलं, पाऊस जाऊ दे, गौरी-गणपती होऊ देत, रोजच्या वापरात सगळं पारखून होऊ दे, मगच लिहीन.

आम्ही आलो होतो देवघराच्या खणाला एक पितळी मूठ घ्यायला. किचनचं माझं सगळं ठरलेलं होतं. एका शोरूममध्ये ऑर्डर दिली होती आणि तिथल्या माणसाने हँडलं नकोतच, असं पटवलं होतं. खालच्या ट्रॉल्यांना गोला प्रोफाइल, म्हणजे शटरच्या मागे अॅल्युमिनियमची आडवी खाच, तिच्यात बोटं घालून ओढायचं. वरच्या कपाटांना दाबलं की उघडणारी शटरं. फोटोत ते फार सुरेख दिसत होतं. तुम्ही मूठ शोधत असताना मी सहज मोबाइलवरचा प्लॅन दाखवला. तुम्ही चष्मा वर करून बघितलात आणि विचारलंत, "ओट्यापाशी दिवसभर कोण असतं?" मी म्हटलं, "आई." तेव्हा तुम्ही पहिल्यांदा त्यांच्या हातांकडे बघितलंत.

आईंना संधिवात आहे. पेरं सुजलेली असतात, सकाळी तर मूठ वळत नाही. त्या घरात मी बारा वर्षं आहे काका, पण किचनचा रंग, लॅमिनेट, लाइट सगळं निवडताना हे माझ्या मनात एकदाही आलं नव्हतं. तुम्ही आधी एक गोल नॉब त्यांच्या हातात दिलात. तो चिमटीत धरावा लागतो. मग प्रोफाइलचा तुकडा दिलात. त्यात बोटांची टोकं वाकवायची आणि भरलेल्या ट्रॉलीचं सगळं वजन त्या दोन पेरांवर घ्यायचं. आईंनी ओढून बघितलं आणि हळूच हात काढून घेतला. तोंडाने काही बोलल्या नाहीत. मग तुम्ही एक साधं डी हँडल, म्हणजे इंग्रजी डी अक्षराच्या आकाराचं, पुढे केलंत. चारही बोटं आत गेली. "मूठ आवळायची नाही मावशी, नुसता हात अडकवा आणि मागे सरका," असं तुम्ही म्हणालात. दुकानातला तुमचा तो नमुन्याचा जड खण सर्रकन बाहेर आला आणि आई हसल्या.

माझ्या बहिणीकडे गोला प्रोफाइल आहे आणि तिचं छान चाललंय. वस्तू वाईट नाही. आमच्या घराला ती चालणारी नव्हती, आणि हे आम्हाला तुमच्यामुळे कळलं.

नंतर तुम्ही जे केलंत ते मी जन्मभर विसरणार नाही. मागच्या खोलीतून 18 एमएम प्लायचा हातभर तुकडा आणलात, त्यावर पाच प्रकारची हँडलं बसवलीत आणि म्हणालात, "जुन्या ओट्याच्या दारावर ही फळी ठोका. आठ दिवस वापरा, मग या." एक पैसा घेतला नाहीत.

त्या आठ दिवसांत आम्ही जेवढं शिकलो तेवढं दहा शोरूम फिरून शिकलो नसतो. नॉब तिसऱ्या दिवशी सैल होऊन गरागरा फिरायला लागला, कारण तो एकाच स्क्रूवर असतो. टी-बारची दोन टोकं बाहेर येतात, त्यात माझ्या गाउनचा खिसा अडकून टर्रकन फाटला, एकदा आईंचा पदरही अडकला. चपट्या पट्टीच्या हँडलची कड बोटांना रुतायची. शिंपल्याच्या आकाराचं हँडल हाताला मऊ होतं, पण त्याच्या आत पिठाचा आणि तेलाचा राप बसायचा. राहिलं ते गोल दांडीचं डी हँडल. कणीक मळताना मध्येच आईंना मिठाचा डबा हवा असायचा. हात पिठाने भरलेला, तरी त्या करंगळी आत घालून दार उघडायच्या. दांडी आणि दाराच्या मध्ये जवळजवळ तीन सेंटिमीटर जागा आहे, म्हणून ते जमतं. दुसऱ्याच दिवशी आईंनी सांगून टाकलं, "हेच."

परत आलो तेव्हा आमच्याकडून फक्त मॉडेल नंबर घेऊन तुम्ही माल देऊन टाकू शकला असता. तुम्ही पुन्हा प्लॅन मागितलात. एल आकाराचं किचन, कोपऱ्यात एका बाजूला ट्रॉली आणि दुसऱ्या बाजूला शटर. तुम्ही टेपने हँडल मोजलंत: 35 एमएम बाहेर येतं. कोपऱ्यातली फिलर पट्टी, म्हणजे मधली मोकळी जागा भरणारी फळी, प्लॅनमध्ये 25 एमएमची होती. म्हणजे ट्रॉली ओढली की शेजारच्या शटरच्या हँडलवर आदळून तिथेच अडकली असती. तुम्ही मला दुकानातूनच शोरूमला फोन लावायला लावलात. नशिबाने प्लाय अजून कापला नव्हता, पट्टी 50 एमएमची करून घेतली. हा फोन झाला नसता तर काय झालं असतं, हे आज ट्रॉली उघडताना रोज मनात येतं.

मापांचं गणितही तुम्हीच उलगडलंत. हँडलच्या दोन भोकांच्या मध्यांमधलं अंतर 96, 128, 160, 192 एमएम असंच का असतं, तर हे सगळे 32 चे पट आहेत. फर्निचरमध्ये भोकांची मापं 32 एमएमच्या पटीत धरण्याची पद्धत आहे. मला एक विचित्र मापाचं परदेशी हँडल आवडलं होतं. तुम्ही सांगितलंत की उद्या एक तुटलं तर त्या मापाचं दुसरं मिळेलच असं नाही, आणि लॅमिनेटवरचं जुनं भोक सहज झाकलं जात नाही. म्हणून शटरांना 160 घेतलं. भांड्यांची मोठी ट्रॉली 900 एमएम रुंद, तिला 320 चं एकच लांब हँडल, मध्यभागी आणि वरच्या अंगाला. रुंद खण एका कोपऱ्यातून ओढला की तिरका होतो, आणि हँडल खाली असलं की आईंना वाकावं लागलं असतं.

मला गुलाबी सोनेरी रंगाची हौस होती, नाही तर काळा. तुम्ही काउंटरखालून एक वापरलेलं काळं हँडल काढून दाखवलंत. जिथे अंगठी आणि बांगडी घासते तिथला रंग उडून खालचा पांढरा धातू दिसत होता. आम्ही कोपरीत राहतो, खाडीची दमट हवा घरात येते, त्यामुळे तुम्ही 304 स्टीलच घ्या म्हणालात. त्यात साधारण 18 टक्के क्रोमियम आणि 8 टक्के निकेल असतं, 202 नावाच्या दुसऱ्या स्टीलपेक्षा ते गंजापुढे जास्त टिकतं. लोहचुंबक लावून बघू का, असं मी विचारलं. तेव्हा कळलं की चुंबक 202 लाही धड चिकटत नाही, म्हणजे त्या परीक्षेला अर्थच नाही. तुम्ही बिलावर स्वतःहून 304 लिहून दिलंत. आणि मी निवडलेल्यापेक्षा हे हँडल स्वस्त होतं, तेही तुम्हाला ठाऊक होतं.

स्क्रूंची दोन पाकिटं मात्र मी घरी जाऊन उघडली तेव्हा कळली. शटरांसाठी 25 एमएम, आणि ज्या खणांना आतली फळी आणि बाहेरचं तोंड अशा दोन फळ्या आहेत त्यांच्यासाठी 45 एमएम, वेगळ्या पुडीत, वर पेनाने "खण" लिहिलेलं. आखूड स्क्रू दामटला की आटे मरतात आणि हँडल हलतं राहतं, हे आमच्या सुतारानेच नंतर सांगितलं. भोकांच्या खुणांसाठी तुम्ही दिलेला पुठ्ठ्याचा साचाही त्याला फार आवडला. सगळी भोकं त्याने त्याच साच्यावरून पाडली, 22 हँडलं एका रेषेत बसली.

आता पावसाळा उलटून गेलाय. एकाही हँडलवर डाग नाही. ओल्या फडक्याने पुसून लगेच कोरडं करते, भांड्यांची पावडर लावत नाही, तुम्ही सांगितलंत तसंच. आणि काका, गौरींच्या दिवशी मी उकड काढत होते, हात तेला-पाण्याचे. मोदकपात्र सगळ्यात खालच्या जड ट्रॉलीत. मी हात धुवायला वळले तोवर आईंनी तळहात अडकवून ट्रॉली ओढली आणि पात्र ओट्यावर आणून ठेवलं. गेली तीन वर्षं ते मला काढून द्यावं लागत होतं.

तुमची फळी अजून आमच्याकडेच आहे. चार महिने झाले, परत द्यायला उशीर झाला, राग मानू नका. शनिवारी सकाळी आईंना घेऊन येते. फळीवरचं शिंपल्याचं हँडल त्यांना ठेवून घ्यायचंय, देवघराच्या खणाला, कारण ज्यासाठी पहिल्यांदा आलो होतो ती मूठ घ्यायची राहूनच गेली. त्याचे पैसे मात्र या वेळी घ्यायचेच.

तुमची,
कोपरीची एक गिऱ्हाईक