स्कॅन कोरा असतानाही शस्त्रक्रिया करणाऱ्या डॉक्टर मॅडमना अनावृत पत्र

आदरणीय डॉक्टर मॅडम,

स. न. वि. वि.

माझ्या मानेतील पॅराथायरॉईड ग्रंथीवर (रक्तातील कॅल्शियम सांभाळणाऱ्या चार ग्रंथींपैकी गाठ होऊन जास्त स्रवणाऱ्या एकीवर) आपण केलेल्या शस्त्रक्रियेला सहा महिने पूर्ण झाले असून, रक्तातील कॅल्शियम ९.४ आल्याचा अहवाल नुकताच हाती आला आहे. सहा महिन्यांनंतरही कॅल्शियम योग्य पातळीत राहिले, तरच हा आजार बरा झाला असे धरायचे, असे आपण बजावले होते. म्हणून आभाराचे पत्रही मी तोवर लांबणीवर टाकले होते. ते उघडपणे लिहिण्याचे कारण एवढेच की, हा आजार पाळी गेलेल्या स्त्रियांमध्ये अधिक आढळतो आणि माझ्यासारखाच कोरा स्कॅन हातात घेऊन बसलेली एखादी बाई हे वाचेल, अशी मला आशा आहे.

माझे दुखणे कित्येक वर्षे तुकड्यातुकड्यांनी हाताळले गेले. मुतखडा झाला की मूत्रविकारतज्ज्ञांकडे, हाडे ठणकली की अस्थिरोगतज्ज्ञांकडे, बद्धकोष्ठतेला चूर्ण, आणि थकवा व उदासी यांना ‘वय झाले’ हे सर्वांच्या तोंडचे उत्तर. आमच्या गावातील फिजिशियननी मुतखडा पुन्हा पुन्हा का होतो, असा प्रश्न विचारून कॅल्शियम तपासले. ते ११.६ निघाले, म्हणजे वाढलेले, तेव्हा त्यांनी लगेच पीटीएचची, म्हणजे या ग्रंथींतून स्रवणाऱ्या आणि रक्तातील कॅल्शियम वाढवणाऱ्या संप्रेरकाची, तपासणी करवली आणि तो आकडा १४८ आला. कॅल्शियम वाढले की निरोगी ग्रंथी आपला स्राव कमी करतात; इथे दोन्ही एकाच वेळी वर होते. त्या डॉक्टरांचेही ऋण मोठे आहे, परंतु हे पत्र आपल्यासाठी आहे.

यानंतरच खरी कोंडी झाली. सोनोग्राफीत काही दिसले नाही आणि सेस्टामिबी स्कॅनमध्येही (किरणोत्सारी औषध टोचून ग्रंथी शोधण्याच्या तपासणीत) गाठ उमटली नाही. एका ठिकाणी आम्हाला सांगण्यात आले की, गाठच दिसत नसेल तर शस्त्रक्रिया कशाची करणार. गोळ्या घ्या आणि पाणी भरपूर प्या. घरच्यांना तर सुटल्यासारखे वाटले, कारण मान कापायची नाही, यापेक्षा चांगली बातमी त्यांच्या लेखी दुसरी नव्हती.

आपण मात्र स्कॅनचा लिफाफा बाजूला ठेवून आधी रक्ताचे सगळे अहवाल तारखेनुसार लावून वाचलेत. या आजाराचे निदान रक्तावर होते, स्कॅन केवळ ग्रंथीचा ठावठिकाणा सांगतो आणि ठावठिकाणा न लागल्याने रोग नाहीसा होत नाही, हे आपण माझ्या यजमानांना ज्या शांतपणे समजावले, त्यासाठी मी आपली सर्वाधिक ऋणी आहे. तरीही आपण घाई केली नाहीत. चोवीस तासांची लघवी साठवून त्यातील कॅल्शियम मोजायला लावलेत, कारण रक्ताचे चित्र असेच दिसणारी एक आनुवंशिक अवस्था असते, तिच्यात लघवीतून कॅल्शियम फारच कमी जाते आणि तिथे शस्त्रक्रियेचा काही उपयोग नसतो. ड जीवनसत्त्व कमी होते, ते भरून काढलेत. हाडांची घनता मोजताना मनगटाजवळचा हाडाचा भागही मुद्दाम तपासायला सांगितलात. कण्यापेक्षा तिथली झीज जास्त निघाली आणि ती या आजाराची खूण असल्याचे कळले.

मी भजनी मंडळात गाते, म्हणून माझी भीती आवाजाची होती. आवाजाची नस या ग्रंथींच्या अगदी जवळून जाते, धोका थोडा असला तरी आहे, असे आपण स्पष्ट सांगितलेत. खोटा दिलासा दिला असतात, तर कदाचित माझा विश्वास बसला नसता.

शस्त्रक्रियेत नेमके काय झाले, ते आपण दुसऱ्या दिवशी खाटेशी बसून कागदावर काढून दाखवलेत. साधारण तांदळाच्या दाण्याएवढ्या या चार ग्रंथी. त्यांतील तीन आपल्याला जागच्या जागी आणि निरोगी दिसल्या. चौथी, डावीकडची खालची, जागेवर नव्हती. गर्भावस्थेत खालच्या ग्रंथी थायमस या छातीच्या वरच्या भागातील ग्रंथीसोबत खाली उतरतात आणि कधीकधी त्यातच अडकून राहतात, म्हणून आपण थायमसचे वरचे टोक मानेतूनच हळूहळू वर ओढून घेतलेत आणि गाठ त्यात सापडली. ती काढल्यावरही आपण लगेच टाके घातले नाहीत. पीटीएच रक्तात काही मिनिटेच टिकते, त्यामुळे दहा मिनिटांनी घेतलेल्या नमुन्यातच उत्तर मिळते. १४८ चे ३१ झाल्याचा निरोप प्रयोगशाळेतून आल्यावरच आपण जखम बंद केलीत.

अमेरिकन जहाजाचे कप्तान चार्ल्स मार्टेल यांची हकीकतही आपण तेव्हाच सांगितलीत. हाडे झिजून त्यांची उंची कित्येक इंच घटली होती, मानेवर वारंवार शस्त्रक्रिया होऊनही गाठ मिळेना आणि अखेर १९३२ मध्ये सातव्या शस्त्रक्रियेत ती छातीत सापडली. पण ते त्यानंतर फार काळ जगले नाहीत. ही कथा आपण आधी सांगितली नाहीत, हेही आपले उपकारच म्हणायचे.

त्या रात्री ओठांभोवती आणि बोटांच्या टोकांना मुंग्या येऊ लागल्या. वर्षानुवर्षे कॅल्शियम गमावलेली हाडे ते आता रक्तातून अधाशासारखे ओढून घेतील, असे आपण आधीच लिहून ठेवले होते, त्यामुळे रात्रपाळीच्या सिस्टरनी कोणाला विचारत न बसता निवासी डॉक्टरांना बोलावले, रक्त तपासायला पाठवले आणि शिरेतून कॅल्शियम सावकाश सुरू झाले. त्या दोघांनाही माझा नमस्कार कळवावा. पुढे गोळ्या टप्प्याटप्प्याने कमी होत गेल्या.

सगळेच पूर्ववत झाले, असे लिहिणे आपल्यालाही आवडणार नाही. उजव्या मूत्रपिंडातील जुना खडा तिथेच आहे आणि हाडांची घनता भरून यायला वेळ लागणार आहे. मात्र तहान शमली आहे, सकाळी उठवत नाही ही तक्रार गेली आहे आणि वरच्या पट्टीत आवाज पूर्वीसारखाच लागतो. पुढच्या तपासणीला येताना मनगटाच्या घनतेचा नवा अहवाल सोबत आणीन. सोबत माझी धाकटी बहीणही असेल. तिलाही मुतखड्याचा त्रास आहे आणि आपण सुचवल्याप्रमाणे तिचे कॅल्शियम व पीटीएच एकाच वेळी तपासायला दिले आहे.

आपली कृतज्ञ,
आपली एक रुग्ण